सुरी, विळी, कोयता: धार मशीनवर लावावी की हाताने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात बारा महिने कशाला ना कशाला धार लागतेच. एप्रिलात द्राक्षाची खरडछाटणी, ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी, दिवाळीनंतर ऊसतोड, आणि घरातली विळी तर रोजचीच. आम्ही मशीनवरही धार लावतो आणि दगडावरही. गिऱ्हाईक हत्यार हातात देतानाच जे प्रश्न विचारतं, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. आमचं मत आधीच सांगतो: लोखंड जास्त काढायचं असेल तर मशीन वापरा, पण शेवटची धार हातानेच लावा.

मशीनवर धार लावली की हत्याराचं पाणी उतरतं म्हणतात. खरं आहे का?

पाणी म्हणजे लोहाराने पात्याला दिलेला कडकपणा. तो उतरू शकतो, आणि घाई केली तर उतरतोच. पण त्यात विजेचा दोष नाही. दोष उष्णतेचा आहे, म्हणून आधी ती समजून घ्यावी.

लोहार पातं लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो तेव्हा ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. हा ठिसूळपणा घालवायला त्याला पुन्हा बेताने तापवतात. साध्या कार्बन स्टीलच्या सुरीसाठी ही दुसरी आच साधारण १८० ते २५० अंश सेल्सिअस असते. कोयता, कुऱ्हाड अशी दणका खाणारी हत्यारं याहून थोडी जास्त तापवतात. पुढे आयुष्यात कधीही पातं या आचेच्या वर गेलं की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. तो गार केल्याने परत येत नाही.

आता बेंच ग्राइंडरचा, म्हणजे टेबलावर बसवलेल्या धारेच्या मशीनचा, हिशोब बघा. सहा इंची चाक मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतं. म्हणजे चाकाचा काठ सेकंदाला जवळपास २२ मीटर, ताशी ८० किलोमीटरच्या घरात पळतो. त्याखाली पात्याची कड असते कागदाइतकी पातळ. उष्णता पसरायला तिथे जागाच नाही. तुमच्या बोटाखाली पातं कोमट लागत असतं आणि तेवढ्यात टोकाची कड तीनशे अंशांवर गेलेली असते.

हे रंगावरून ओळखता येतं. साधं लोखंड तापलं की २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळं दिसतं, पुढे तपकिरी, मग जांभळं आणि ३०० च्या सुमारास निळं. सुरीच्या धारेवर निळी रेघ आली तर तिथलं पाणी गेलं म्हणून समजा. स्टेनलेस स्टीलवर हे रंग उशिरा उमटतात, त्यामुळे तिथे रंग दिसेपर्यंत थांबणं म्हणजे नुकसान झाल्यावर कळणं.

पण आम्ही मधे मधे पाण्यात बुडवतो की!

बुडवाच, पण केव्हा बुडवता ते महत्त्वाचं आहे. पातं निळं झाल्यावर पाण्यात घातलं तर फक्त गार होतं, पाणी परत चढत नाही. आधी बुडवायचं, ओलं पातं चाकावर एकदा एका दमात फिरवायचं, की लगेच पुन्हा बुडवायचं. धारेजवळचा पाण्याचा थेंब उडून जायच्या आत हात उचलला पाहिजे. पातं एका जागी दाबून धरायचं नाही, मुठीपासून टोकापर्यंत सारखं सरकत राहिलं पाहिजे. टोकाशी आलात की दाब आणखी हलका करा, कारण टोक सगळ्यात आधी जळतं.

निळी पडलेली धार आता फुकटच गेली का?

नाही. बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटरचा पट्टाच बिघडलेला असतो. तेवढा भाग दगडावर किंवा पाणी घेत घेत सावकाश काढून टाकला की खाली चांगलं लोखंड मिळतं. पातं रुंदीने थोडं कमी होतं, एवढंच. पण निळा डाग पाठीपर्यंत गेला असेल तर लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी द्यावं लागतं. हे गावठी कार्बन स्टीलपुरतं. स्टेनलेसला पाणी द्यायला जास्त आणि नेमकी आच लागते, ते भात्यावरचं काम नव्हे.

मग जास्त टिकते कोणती धार, हाताची की मशीनची?

लोखंड तेच, कोन तोच आणि पातं तापलेलं नसेल तर फरक पडतो तो शेवटच्या घोटाईने. साठ किंवा ऐंशी नंबरच्या, म्हणजे भरड, चाकावरून उतरलेली कड भिंगाखाली करवतीसारखी दिसते. दोरी किंवा टोमॅटो ती पहिल्या दिवशी सर्रकन कापते, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण ते बारीक दाते फळीवर आपटून वाकतात, मोडतात आणि आठवड्यात धार गेली अशी तक्रार येते. तीच कड हजार नंबरच्या दगडावर घोटली की दाते बारीक होतात आणि काठ सलग राहतो. म्हणून मशीनवरून उतरलेली सुरी तशीच घरी नेऊ नका. धार लावणाऱ्याला सांगा, दगडावर चार हात मारून दे.

कोर म्हणजे काय? ती सारखी काढायला का सांगता?

एका बाजूने घासत गेलं की कडेचं लोखंड पातळ होऊन दुसऱ्या बाजूला उलटतं. त्या उलटलेल्या बारीक पापुद्र्याला आम्ही कोर म्हणतो, कारखान्यात त्यालाच बर म्हणतात. कोर आली म्हणजे घासाई कडेपर्यंत पोचली. ती आल्याशिवाय बाजू बदलण्यात अर्थ नाही, आणि हातधारेत नवशिक्याचं काम बहुतेक इथेच अर्धवट राहतं.

ती डोळ्याला नीट दिसत नाही, बोटाला लागते. अंगठा पाठीकडून धारेकडे, पात्याला आडवा, अगदी हलका ओढायचा आणि काठावरून बाहेर सोडायचा. धारेच्या लांबीने बोट कधीच फिरवायचं नाही, चिरेल. कोर असेल त्या बाजूला बोट जरासं अडखळतं, नखाला तर लगेच कळतं. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे अशी अडखळण लागली की बाजू बदला. दुसऱ्या बाजूनेही कोर आली की दाब कमी करत जा. आधी पाच-पाच हात, मग दोन-दोन, मग एक-एक, शेवटी फक्त सुरीच्या वजनाने. उरलीसुरली कोर चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढली की निघते. पट्टा नसेल तर जुन्या कमरपट्ट्याची आतली, खरखरीत बाजू चालते.

कोर तशीच ठेवली तर सुरी पहिल्या दोन कांद्यांना भयंकर धारदार वाटते. मग ती कोर वाकते किंवा तुटून भाजीत जाते, आणि सुरी होती तशी बोथट.

कोन कसा साधायचा? आमच्याकडे मोजायला काही नाही.

फूटपट्टी असली तरी पुरे. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल आणि पाठ दगडापासून एक सेंटिमीटर वर धरली तर कोन साधारण १५ अंशांचा होतो. १.४ सेंटिमीटर वर धरली तर २० अंश. घरच्या सुरीला या दोहोंच्या मधलं काहीही चालतं. कोयता-कुऱ्हाडीला २५ ते ३० अंश ठेवा, त्याहून कमी केला तर कड उडते.

आणखी एक युक्ती सांगतो, कारण शिकायला याच्याइतकं सोपं साधन नाही. धारेच्या उतारावर काळ्या मार्कर पेनने रेघ ओढा आणि दगडावर एकच हात मारा. शाई फक्त वरच्या अंगाला गेली तर पाठ थोडी उचला, फक्त काठाची गेली तर खाली करा. सगळी शाई सारखी पुसली गेली की कोन जुळला.

दगड कोणता घ्यावा?

एकच घ्यायचा असेल तर एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० नंबर असा दुहेरी दगड. आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. चारशेवर बोथट धार परत आणायची, हजारवर घोटायची. तीन हजार, सहा हजार हे हौसेचे आकडे, भाजीला त्यांची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करडा कार्बोरंडम दगड खुरपं, विळा, कोयत्याला उत्तम, सुरीला थोडा भरड.

पाणी की तेल हा वाद घालू नका. ज्या दगडावर एकदा तेल वापरलं त्यावर पुढेही तेलच, कारण तेल मुरलेल्या दगडावर पाणी बसत नाही. खाण्याच्या सुऱ्यांना आम्ही पाणीच वापरतो. दगड मधे खोलगट झाला की धार सरळ लागत नाही. मग जाड काचेवर पाण्याचा सँडपेपर ठेवून दगड त्यावर घासून सपाट करा.

दगडच नाही, पाहुणे दारात आहेत, आता काय?

लोणच्याची चिनी मातीची बरणी उपडी करा. बुडाचा कडा चकाकी नसलेला, खरखरीत असतो आणि लोखंडापेक्षा कडक असतो. त्यावर दोन्ही बाजूंनी आठ-दहा हात मारले की सुरी त्या दिवसाचं काम नीट काढते. चहाच्या कपाचं बूडही चालतं. नंतर सुरी धुवायला विसरू नका.

विळीला धार कशी लावायची? ती मशीनवर न्यावी का?

शक्यतो नको, आणि याची कारणं विळीतच आहेत. पातं पाटाला बसवलेलं, वाकडं, वर खोवणी. ते चाकावर सरळ धरताच येत नाही. मग धारवाला पोटाचा भाग जास्त घासतो आणि दोन-तीन वर्षांत पात्याला मधेच खळगा पडतो. अशा विळ्या आमच्याकडे बऱ्याच येतात. कुणाच्या आईची, कुणाच्या आजीची, लोखंड अजून छान, पण भाजी पाटाजवळ खळग्यात अडकते, पूर्ण कापली जात नाही, शेपूट लोंबत राहतं. तो खळगा भरता येत नाही. बाकीचं पातं त्याच्या पातळीला आणावं लागतं आणि निम्मी विळी जाते.

घरी असं करा. विळी नेहमीसारखी पायाखाली दाबा, पण धार तुमच्यापासून लांब, भिंतीकडे राहील अशी. दगड ओला करून हातात घ्या आणि तो पात्यावर पाठीकडून काठाकडे फिरवा. इथे पातं स्थिर आणि दगड हलता. हात नेहमी पाठीच्या मागे राहिला पाहिजे. खालून वरपर्यंत सारखे हात मारा, मधेच रमू नका. दुसरी बाजू फक्त कोर काढण्यापुरती. महिन्यातून एकदा पाच मिनिटं दिली तर विळीला मशीन बघायची वेळच येत नाही.

खोवणीचे दाते बोथट झाले असतील तर बारीक तिकोनी कानस घेऊन एकेक दात आतल्या बाजूने दोनदा घासा.

ऊसतोडीच्या कोयत्याला काय चांगलं?

इथे मशीनचा मान मोठा आहे. कोयता बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचा असतो, जाड आणि चिवट. बांधावरच्या दगडावर आपटून खांडा पडला तर हाताने तो काढता काढता दुपार होईल. खांडे काढणं, जाडी उतरवणं, आकार परत आणणं हे ग्राइंडरवर करून घ्या, पाण्याची बादली शेजारी ठेवून. रोजची धार मात्र फडातच, कानशीने. टोळीतली माणसं कमरेला नाहीतर पिशवीत कानस ठेवतात ती उगीच नव्हे. कानस फक्त पुढे ढकलताना कापते, मागे आणताना उचलायची. घासत मागे आणली तर कानशीचेच दात जातात. कानस कोयत्यावरून न चावता नुसती घसरली तर लोखंड जास्त कडक आहे, तिथे दगड घ्या.

बोथट कोयत्याने होणारं नुकसान मजुराच्या खांद्यापुरतं नसतं. ऊस जमिनीलगत एका घावात तुटला पाहिजे. घाव बसला नाही की बुडखा फाटतो, फाटलेल्या बुडख्यात रोग शिरतो आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस, विरळ उगवतो. वर राहिलेल्या खालच्या कांड्या म्हणजे सगळ्यात गोड ऊस रानातच सोडला. बेण्याच्या टिपऱ्या तोडतानाही तेच: टिपरी चिरली की डोळा नीट फुटत नाही.

आमच्याकडे वेल्डिंगचा हातातला ग्राइंडर आहे. त्यावर कोयता पाजवला तर?

लोक करतात. चार इंची चकती मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते, काठाचा वेग बेंच ग्राइंडरच्या अडीच पटींहून जास्त. त्यात ना टेकू, ना पाणी. खांडा काढण्यापुरता, कोयता शिकंज्यात घट्ट धरून, घासायच्या चकतीने चालेल. कापायची पातळ चकती आडवी लावून घासू नका, ती फुटते आणि तुकडे थेट अंगावर येतात. सुरीला आणि छाटणीच्या कात्रीला हा ग्राइंडर लावूच नका.

आणि रानात चालवत असाल तर ठिणग्या कुठे पडतायत ते बघा. वाळलेलं पाचट किंवा कडब्याची गंजी जवळ असेल तर मशीन सुरूच करू नका.

द्राक्षाच्या छाटणीची कात्री कशी पाजवायची?

फक्त हाताने. या कात्रीचं एक पातं कापतं आणि दुसरं, म्हणजे आकडी, काडीला आधार देतं. कापणाऱ्या पात्याला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू आकडीला चिकटून सरकते म्हणून काप स्वच्छ येतो. मशीनवर हौसेने दोन्ही बाजू घासल्या की दोन पात्यांत फट पडते आणि काडी कापायच्या ऐवजी चेंगरते. अशी कात्री मग कितीही धारदार करा, काडीची साल सोलतच राहते.

कात्री खोला, चिकट रस पुसून काढा. बारीक दगडाची कांडी किंवा डायमंड कानस घेऊन उताराच्या बाजूने, कंपनीने दिलेल्या कोनातच, काठाकडे हात मारा. कोर आली की सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदाच फिरवा. स्प्रिंगला आणि नटाला तेलाचा थेंब द्या. छाटणीच्या दिवसांत हे रोज संध्याकाळी व्हावं, कारण चेंगरलेली जखम भरायला वेळ लागतो आणि तोवर बुरशीला दार उघडं राहतं. रोगट वेलीवरून दुसऱ्या वेलीवर जाताना कात्री निर्जंतुक करणं हे धारेइतकंच महत्त्वाचं.

कडबाकुट्टीची पाती?

मशीनवरच. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तिच्या आधीपासून किर्लोस्कर कडबा कापायची यंत्रं करत होते, म्हणजे हे काम आपल्या भागाला नवं नाही. पाती सरळ, जाड, एका उताराची असतात. कोन पक्का धरणारा टेकू असलेल्या ग्राइंडरवर ती उत्तम होतात. दोन्ही पाती एकदमच द्या आणि सारखीच घासून घ्या. एक हलकं, एक जड झालं तर चाक थरथरतं. पाती काढताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढा किंवा पट्टा उतरवा. लाईट कधीही परत येते.

सायकलवरचा धारवाला चांगला की दुकानातलं मशीन?

धारवाल्याची सहाण पायाने फिरते म्हणून सावकाश फिरते, आणि सावकाश चाकावर पातं जळायची भीती फार कमी. शिकलगार समाजातल्या जुन्या माणसांचा हात तर बघत राहावा असा: पातं चाकाला टेकतं न टेकतं, ठिणग्यांच्या लांबीवरून दाब कळतो, आणि शेवटी सुरी उलटसुलट करून हलकेच कोर मारली जाते. असा माणूस दारावर आला तर बिनधास्त सुरी द्या. चाक मात्र भरड असतं, तेव्हा घरी येऊन हजार नंबरच्या दगडावर किंवा बरणीच्या बुडावर एकदा फिरवून घ्या. दुकानात माणूस पाण्याचं भांडं न ठेवता सुऱ्या घासत असेल तर सुरी परत मागून घ्या.

खाचेतून ओढायचं छोटं धारयंत्र घ्यावं का?

आमचा सल्ला, नको. त्यातल्या कडक पट्ट्या लोखंड खरवडून काढतात आणि काठ फाटका ठेवतात. स्वस्तातल्या सुरीला चालून जातं. चांगली सुरी त्याने लवकर झिजते.

ग्राइंडर घ्यायचाच आहे. काय बघू?

मिनिटाला २८०० ऐवजी १४४० फेऱ्यांची मोटर मिळाली तर ती घ्या, उष्णता बरीच कमी होते. सोबत येणारं करडं, कडक चाक काढून पांढरं, नरम बांधणीचं चाक बसवा, ऐंशी ते एकशेवीस नंबरचं. नरम चाकाचे बोथट कण लवकर गळून नवे पुढे येतात, म्हणून ते गार चालतं. चाक गुळगुळीत, काळपट झालं की ड्रेसरने, म्हणजे चाक खरवडायच्या हत्याराने, उघडं करा. गुळगुळीत चाक कापत नाही, नुसतं तापवतं. पाण्यात फिरणारं संथ चाक असलेलं यंत्र परवडत असेल तर सुरीला सगळ्यात सुरक्षित तेच.

नवं चाक बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडाने हलकं वाजवा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे, ते फेकून द्या. टेकू आणि चाक यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. सुरू करताना चाकाच्या समोर उभे राहू नका, पहिला एक मिनिट बाजूला थांबा. डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क हवाच. हातमोजे, ओढणी, पदर, सैल बाही अजिबात नको.

दातेरी सुरी, अडकित्ता, चिनी मातीची सुरी?

दातेरी सुरीला गोल बारीक कानशीने एकेक खाच, फक्त उताराच्या बाजूने. अडकित्त्याला छाटणीच्या कात्रीचाच नियम. चिनी मातीच्या सुरीला डायमंडशिवाय काही लागत नाही, ती घरी करू नका.

धार लावलेलं हत्यार ठेवायचं कसं?

कार्बन स्टील असेल तर धुऊन लगेच पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. लिंबू, चिंच, कैरी कापल्यावर तर नक्कीच, आंबटाने काठ काळा पडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सुऱ्या ड्रॉवरमध्ये चमच्यांबरोबर सुट्ट्या टाकू नका. काचेच्या, दगडी ओट्यावर थेट कापू नका, लाकडी फळी घ्या. आमच्याकडे हत्यार घेऊन येताना धारेवर जाड पुठ्ठा दुमडून दोरा बांधा, आणि कुठला भाग कापत नाही ते खडूने खूण करून द्या.